मुठीतल्या अक्षता: ऐकणं ही साधना कशी होते?

आषाढ संपत आला की मोबाइलवर एक संदेश हमखास फिरू लागतो. श्रावण म्हणजे श्रवणाचा महिना, तेव्हा या महिन्यात चांगलं ऐका. त्याच सुमाराला कुणाच्या तरी कंपनीत ‘ॲक्टिव्ह लिसनिंग’चं शिबिर झालेलं असतं आणि ध्यान शिकवणारं एखादं ॲप आजूबाजूचे आवाज ऐकायला सांगत असतं. हे सगळं वाचून साध्या माणसाला प्रश्न पडतोच. ऐकण्यात शिकायचं ते काय? कान तर जन्मापासून उघडेच आहेत. साधना म्हटली की आसन आलं, जप आला, उपास आला. स्वयंपाकघरात सासूबाई बोलतायत ते ऐकणं ही साधना कशी होईल?

आधी महिन्याच्या नावाचं पाहू. श्रावण हे नाव श्रवण नक्षत्रावरून आलं. या महिन्यातल्या पौर्णिमेला चंद्र त्या नक्षत्राच्या आसपास असतो. ऐकण्याशी नावाचा तेवढा थेट संबंध नाही. पण पोथ्या आणि कहाण्या ऐकायची रीत या महिन्यात इतकी मुरलेली आहे की संदेश लिहिणाऱ्याला दोष द्यावासा वाटत नाही.

कानावर पडणं वेगळं, ऐकणं वेगळं

मराठीत हा फरक आधीच करून ठेवलेला आहे. शेजारच्या टीव्हीचा आवाज आपल्या ‘कानावर पडतो’. नको ते आपण ‘कानाआड करतो’. कुणी ‘हलक्या कानाचा’ असतो, कुणी दुसऱ्याचे ‘कान भरतो’. आणि गाणं लागलं, बाळाची पहिली अक्षरं आली की आपण ‘जिवाचा कान करून’ ऐकतो. या शेवटच्या प्रकाराबद्दलच हा लेख आहे. जिवाचा कान करणं आपोआप घडतं तेव्हा तो आनंद असतो. ठरवून, रोज, न आवडणाऱ्या वेळीही तो करता आला की त्याला साधना म्हणायचं.

कान उघडा असला तरी मन बंद असू शकतं हे प्रयोगातही दिसलं आहे. 1953 साली कॉलिन चेरी या संशोधकाने लोकांच्या दोन कानांत दोन वेगवेगळी बोलणी सोडली आणि एका कानातलं बोलणं मोठ्याने म्हणत राहायला सांगितलं. मग दुसऱ्या कानात काय चाललं होतं ते विचारलं. बाईचा आवाज होता की पुरुषाचा एवढं लोकांना सांगता आलं. शब्द मात्र जवळजवळ एकही सांगता येईना. मध्येच इंग्रजीची जर्मन भाषा झाली, तेसुद्धा कळलं नव्हतं. आवाज कानात जात होता, अर्थ दाराशीच थांबला होता.

घरोघरी हे रोज घडतं. मूल शाळेतलं काहीतरी सांगत असतं, आपण ‘हो का, अरे वा’ म्हणत असतो, आणि त्याने तिसऱ्यांदा ‘आई, मी काय म्हणालो?’ विचारलं की आपल्याकडे उत्तर नसतं. आवाज बाळाचा होता एवढंच आपल्याला सांगता येतं.

असं का होतं याचं एक साधं कारण अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले राल्फ निकोल्स यांनी सांगितलं होतं. 1957 साली त्यांनी लिहिलं की सर्वसाधारण माणसाला नुकत्याच ऐकलेल्या भाषणातलं निम्मंच आठवतं. माणूस बोलतो सावकाश आणि मन धावतं भरधाव. दोन शब्दांच्या मधल्या फटीत मन भटकून येतं: गॅस बंद केला का, उद्या दूधवाल्याला पैसे द्यायचेत, आणि मुख्य म्हणजे, आता मी याला काय उत्तर देऊ? ऐकण्याची साधना ही त्या मधल्या फटीतली साधना आहे. तिथे मनाने काय करायचं, एवढाच तिचा विषय.

अवधान ‘द्यायचं’ असतं

आपल्याकडे याला एक नेमका शब्द आहे, अवधान. मन गोळा करून समोरच्याच्या शब्दांपाशी आणून ठेवणं, असा त्याचा अर्थ. 1290 साली नेवाशात ज्ञानेश्वर गीतेचा अर्थ सांगत होते. नवव्या अध्यायाच्या तोंडालाच ते श्रोत्यांकडे वळतात: ‘तरी अवधान एकवेळें दीजे । मग सर्व सुखासि पात्र होईजे’. एकदा अवधान द्या, मग सगळ्या सुखाला पात्र व्हाल. लगेच पुढे म्हणतात की मी हे प्रौढीने बोलत नाही, ही माझी सलगीची विनवणी आहे.

इथे ‘दीजे’ हे क्रियापद पाहा. अवधान द्यायचं असतं. आपण कान देतो, लक्ष देतो. म्हणजे ऐकणारा काहीतरी घेतो एवढंच नाही, तो देतोही. मला वाटतं साधनेचं सगळं बीज या क्रियापदात आहे. देणं आलं की आपलं काहीतरी कमी करणं आलं. ऐकताना कमी करायचं ते आपलं उत्तर, आपली घाई, ‘मला माहितेय’ हा भाव.

वेदान्तात श्रवण, मनन, निदिध्यासन अशा तीन पायऱ्या सांगतात. ऐकायचं, त्यावर विचार करायचा, मग ते अंगात मुरवायचं. नवविधा भक्तीतही पहिलं नाव श्रवणाचंच. आपल्याला वाटतं पहिली पायरी म्हणजे सगळ्यात सोपी, बालवाडी. खरं तर तिथेच बहुतेक जण अडखळतात. रामदासांनी दासबोधात श्रोत्याच्या अवलक्षणांवर एक अख्खा समास लिहिला, त्यावरून ही अडचण जुनीच आहे हे दिसतं.

आणि हे काही एकाच परंपरेचं नाही. जैनांमध्ये संसारात राहणाऱ्या अनुयायाला श्रावक म्हणतात, म्हणजे शब्दशः ऐकणारा. साधूचं वेगळं, पण दुकान सांभाळणाऱ्या, मुलंबाळं असलेल्या माणसाची ओळखच मुळी ऐकण्यावरून. शिखांच्या रोजच्या प्रार्थनेत, गुरू नानकांच्या जपजीत, लागोपाठ चार पौडींची म्हणजे कडव्यांची जवळजवळ प्रत्येक ओळ ‘सुणिऐ’ने सुरू होते, म्हणजे ऐकल्याने. आणि आपल्या कोकणातले ज्यू, बेने इस्राएल. तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची परंपरा सांगते की पिढ्यान् पिढ्या इतर ज्यूंपासून तुटल्यामुळे हिब्रू भाषा विसरली, पण एक प्रार्थना तोंडात राहिली. ‘शेमा’. तिचा पहिला शब्दच ‘ऐक’ असा आहे. बाकी सगळं गेलं तरी हा शब्द अलिबागच्या किनाऱ्यावर टिकला, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

कहाणीतला मोळीविक्या: ‘ऐकून काय करू, पोट भरायचंय’

सगळ्यात पहिला आक्षेप वेळेचा. नोकरी, लोकल, मुलांचे क्लास, घरातलं आजारपण. यातून ऐकत बसायला वेळ कुणाला आहे?

हा आक्षेप आपल्या श्रावणातल्या कहाणीत जसाच्या तसा आहे. आदित्यराणूबाईच्या कहाणीत राणीला कहाणी सांगायची असते, पण ऐकायला कुणीतरी उपाशी माणूस हवा. एक मोळीविक्या रस्त्याने चाललेला असतो. त्याला हाक मारतात. तो म्हणतो, तुमची कहाणी ऐकून मी काय करू, माझं पोट भरलं पाहिजे. तरी तो थांबतो. राणी सहा मोती घेते, तीन त्याला देते, तीन आपल्याकडे ठेवते. मग कहाणीतलं ते वाक्य येतं: तिने मनोभावे सांगितली, त्याने चित्तभावे ऐकली. आणि त्याची लाकडाची मोळी सोन्याची होते. तो म्हणतो, कहाणी ऐकल्याचं एवढं फळ, मग वसा घेतल्याचं काय फळ!

लहानपणी मला फक्त सोन्याची मोळी दिसायची. आता वाटणी दिसते. मोती निम्मे सांगणाऱ्याचे, निम्मे ऐकणाऱ्याचे. कहाणी दोघांची अर्धी अर्धी असते. आणि कहाणीच्या सुरुवातीला आपण काय म्हणतो? ‘ऐका आदित्यराणूबाई, तुमची कहाणी.’ म्हणजे पहिल्यांदा देवालाच ऐकायला बसवतो. देव श्रोत्यांत बसलेला आहे आणि आपण त्याच्या शेजारी. ऐकणं ही भक्ती कशी, याचं इतकं सोपं उत्तर मला दुसरीकडे मिळालं नाही.

मोळीविक्या कहाणीपुरताच थांबला होता, दिवसभर नाही. परीक्षिताकडे तर सातच दिवस होते, पुढे मरण ठरलेलं. त्या सात दिवसांत त्याने ऐकायचं ठरवलं. भागवताचा सप्ताह त्यावरूनच आला. आपल्याला दिवसातली दहा मिनिटं पुरतात. संध्याकाळी घरी आलेल्या माणसाची पहिली दहा मिनिटं. तेव्हा हातात दुसरं काही नको.

हातात काही नको, की हातात काही हवं?

आमच्या घरी श्रावणातल्या शुक्रवारी आजी जिवतीच्या कागदापुढे कहाणी वाचायची. सुरू करण्याआधी प्रत्येकाच्या तळहातावर चार अक्षता ठेवायची आणि मूठ मिटायला लावायची. कहाणी संपली की त्या देवीला वाहायच्या, तोवर मूठ उघडायची नाही. अनेक घरांत ही रीत आहे. मूठ मिटलेली असली की त्या हाताने काहीच करता येत नाही. ना शेजारच्या भावंडाला चिमटा, ना पोरीची वेणी ओढणं. शेवटी मूठ उघडायची तेव्हा तांदूळ कोमट झालेले असायचे आणि कुंकवाने तळहात लालसर.

आज विचार करते तेव्हा वाटतं, त्या काळच्या घरात फोन नव्हता, तरी आजीला हात अडकवून ठेवावासा वाटला. शरीर थांबलं की मन थांबायला तयार होतं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं, भाजी निवडणं बाजूला ठेवणं, टीव्हीचा आवाज बंद करणं (कमी नव्हे, बंद) ही आजची मिटलेली मूठ. मनाला आवरणं अवघड आहे, हाताला आवरणं सोपं. सोप्यापासून सुरुवात करावी.

मूठ मिटल्यावर एकच काम. मनात उत्तर तयार व्हायला लागलं की ते ओळखायचं आणि समोरच्याच्या शेवटच्या शब्दापाशी परत यायचं. जपात मन भटकलं की माणूस पुन्हा नामावर येतो, तसंच. दिवसात पन्नास वेळा परत यावं लागलं तरी बिघडत नाही. अधूनमधून ‘हं’ म्हणायचं. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतोच. तो थांबला की गावाकडची म्हातारी माणसं गोष्ट थांबवून ‘झोपलास का रे?’ विचारतात. आणि बोलणं संपल्यावर दोन श्वास गप्प राहायचं. बऱ्याचदा खरं बोलणं त्या दोन श्वासांनंतर बाहेर येतं.

ऐकायचं म्हणजे पटवून घ्यायचं का?

हा आक्षेप रास्त आहे, कारण मराठीत ‘ऐकणं’ म्हणजे आज्ञा पाळणंही होतं. ‘पोरगं माझं ऐकत नाही’ म्हणतो तेव्हा कानांची तक्रार नसते. म्हणून अनेकांना, विशेषतः घरातल्या सुनांना आणि मुलींना, ‘ऐकून घे’ हे शब्द जाचाचे वाटतात. वर्षानुवर्षं त्यांनी ऐकूनच घेतलेलं असतं.

दोन्हींत गल्लत करू नये. श्रवणभक्ती सांगताना रामदास काय काय ऐकावं याची लांबलचक यादी देतात आणि शेवटी म्हणतात: ‘ऐसें हें अवघेंचि ऐकावें । परंतु सार शोधून घ्यावें । असार तें जाणोनि त्यागावें । या नांव श्रवणभक्ति’. टाकून देणं हा श्रवणाचाच भाग आहे. सूप जसं सगळं धान्य घेतं आणि फोलपट उडवतं. पण सुपात धान्य घ्यायच्या आधीच पाखडता येत नाही. आधी पूर्ण ऐका, मग ठरवा. मतभेद असलेल्या माणसाला उत्तर देण्याआधी ‘तुमचं म्हणणं असं आहे ना?’ म्हणून त्याचंच बोलणं आपल्या शब्दांत परत सांगावं. तो ‘हो, हेच’ म्हणाला तरच उत्तर द्यावं. निम्मी भांडणं इथेच मिटतात.

आणि जे बोलणं तुम्हाला रोज तुडवतं, त्याला कान देणं ही साधना नव्हे. शिवीगाळ, टोमणे, तिसऱ्याची निंदा इथून उठून जावं. उठून जाणाऱ्याने पाप केलं असं मी तरी मानत नाही. ऐकणं हे देणं असेल तर ते सक्तीने कसं घेता येईल?

नुसतं ऐकून प्रश्न कुठे सुटतो?

अनेकदा सुटत नाही. कर्ज फिटत नाही, गेलेला माणूस परत येत नाही. पण सांगणारा बहुतेक वेळा उपाय विचारतच नसतो. मैत्रीण म्हणते, ‘फार थकले ग,’ आणि आपण तिला लोहाच्या गोळ्या सुचवतो. तिचं वाक्य पूर्ण झालेलं नसतं. उपाय सुचवला की आपल्याला बरं वाटतं आणि तिचं बोलणं संपतं. दुखवट्याला गेल्यावर आपण काय बोलावं या चिंतेत असतो; तिथे तर फक्त बसायचं आणि शेवटच्या दिवसांची हकिगत पुन्हा ऐकायची असते.

एक अपवाद लक्षात ठेवावा. समोरचा जगणं नकोसं झाल्याचं बोलत असेल तर ऐकावंच, घाबरून विषय बदलू नये, पण तेवढ्यावर थांबूही नये. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. फोन लावेपर्यंत त्याच्यापाशी बसणं हे आपलं काम.

ज्यांना ऐकूच येत नाही त्यांचं काय?

कान हे साधन आहे, अवधान हा गाभा. कर्णबधिर माणसं हातांच्या भाषेत बोलतात तेव्हा समोरच्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नाहीत, कारण नजर हलली की वाक्य गेलं. असं अवधान आपल्यापैकी कितीजणांचं असतं?

घरातल्या वयस्कर माणसांबद्दल मात्र एक गोष्ट प्रत्येकाने जाणून घ्यावी. वय झालं की आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, त, क, फ अशी व्यंजनं पुसट होतात आणि स्वर राहतात. म्हणून ते म्हणतात, ‘आवाज येतो रे, शब्द कळत नाहीत.’ अशा वेळी ओरडून उपयोग होत नाही, ओरडल्याने स्वरच मोठे होतात. त्यांच्या समोर बसावं, आपल्या चेहऱ्यावर उजेड पडेल असं. सावकाश, नेहमीच्या आवाजात बोलावं. पंखा आणि टीव्ही बंद करावा. कानाच्या डॉक्टरांना दाखवून यंत्र लागत असेल तर ते घ्यावं, चष्म्यासारखं. तुटक ऐकू येणाऱ्या माणसाशी घरचे हळूहळू कामापुरतंच बोलू लागतात. मग त्याचंही कुणी ऐकेनासं होतं, हे जास्त वाईट.

तेच तेच किती वेळा ऐकायचं?

माझे वडील सत्तरीत आहेत. जेवताना ते बहात्तरच्या दुष्काळावर येतातच. तेव्हा ते सोळा-सतरा वर्षांचे होते, आजीबरोबर खडी फोडायला जायचे. गोष्ट नेहमी मिलोच्या, म्हणजे तेव्हा परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, एकाच वाक्याने सुरू होते: ‘त्या मिलोच्या लाल भाकरी...’ आणि मी वर्षानुवर्षं ते वाक्य त्यांच्याऐवजी पुरं करत आले, ‘घशाखाली उतरायच्या नाहीत, माहितेय बाबा.’ ते हसायचे आणि भाजी वाढून घ्यायचे.

गेल्या श्रावणात माहेरी गेले होते. जेवणाआधी तांदळाच्या डब्यातून चार दाणे घेतले आणि डाव्या मुठीत धरून पानावर बसले. त्यांच्यासमोर, दिव्याच्या बाजूला. ‘त्या मिलोच्या लाल भाकरी...’ ते म्हणाले आणि सवयीने थांबले. मी बोलले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मूठ घट्ट धरावी लागली.

‘उतरायच्या नाहीत असं नाही काही,’ ते म्हणाले. ‘भूकच तेवढी असायची. आई तिच्या वाटची भाकरी माझ्या फडक्यात बांधायची. म्हणायची, मला नाही बाई उतरत घशाखाली, तूच खा. ते वाक्य तिचं.’

इतकी वर्षं मी ते वाक्य त्यांच्या तोंडी घालत होते. ते आजीचं होतं, आणि खोटं होतं.

आम्ही दोघं थोडा वेळ काही बोललो नाही. मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. ‘मूठ का आवळलीयस?’ मी उघडून दाखवली. चार दाणे, घामाने चिकटलेले. त्यांनी एक बोटाने उचलला, दिव्यापुढे धरला, आणि परत माझ्या तळहातावर ठेवून बोटं मिटली.

‘मग ऐक,’ ते म्हणाले. ‘खडीच्या कामावर आमचा पहिला दिवस होता...’